भोळ्या धाटणीचं तलावपाळीचं चित्र: तयारीपासून वॉर्निशपर्यंतचा क्रम

नाइव्ह, म्हणजे न शिकलेल्या हातासारख्या भोळ्या शैलीतली घरं, गल्ल्या आणि गावं रंगवायला बसताना बहुतेकांची एकच समजूत असते: इथे वाकडंतिकडं चालतं, म्हणजे तयारी लागत नाही. मग चित्र अर्ध्यावर अडतं. घरं सपाट असतात, पण रस्ता मात्र पर्स्पेक्टिव्हने निमुळता होत आत जातो. झाडं भोळी असतात, पण आकाशात जलरंगासारख्या मऊ छटा असतात. छपरांखाली दुपारच्या उन्हाच्या खऱ्या सावल्या पडलेल्या असतात आणि शेवटी सगळ्यावर काळ्या मार्करची बाह्यरेषा येते. अशा चित्रात एकही गोष्ट वाईट काढलेली नसते, तरी ते जुळत नाही.

या शैलीत हात मोकळा असतो आणि क्रम कडक असतो. काय सपाट, काय मोठं, काय वाकडं हे रंग उघडण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

उदाहरणासाठी ठाण्याची तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, घेऊ. मासुंदा तलाव, त्यातलं छोटं शिवमंदिर, नावा, काठावरचं गडकरी रंगायतन नाट्यगृह, जवळचं कौपिनेश्वराचं देऊळ आणि जांभळी नाक्याचा बाजार, एवढं सगळं एका फेरीत पाहून होतं. येऊरचे डोंगर इमारतींमागे लपले असले तरी या शैलीत ते मागे उभे करायची मुभा आहे. चित्र ४० सेंमी रुंद, ३० सेंमी उंच. माध्यम अ‍ॅक्रिलिक. दोन शनिवार-रविवार धरून चला, पावसाळ्यात तीन.

## टप्पा १: जागा पाहणं आणि ऋतू ठरवणं

मोबाइलवर फोटो काढून घरी आणायचे आणि त्यावरून चित्र काढायचं, ही पहिली चूक. कॅमेरा इमारतींच्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकवतो, जवळचं अवाढव्य आणि लांबचं इवलंसं करतो. तुम्ही कितीही भोळं काढायचं ठरवलं तरी फोटोतलं पर्स्पेक्टिव्ह हातात उतरतं. फोटो काढा, पण फक्त तपशिलासाठी: एखाद्या सज्जाचा कठडा, नावेचा रंग, देवळाच्या शिखराचे टप्पे.

जागेवर वही न्या आणि शब्दांत टिपणं करा. प्रत्येक इमारतीसमोर चारच नोंदी: मजले किती, खिडक्यांच्या ओळी किती, छप्पर कशाचं, आणि तिची एक खूण. या शैलीत घर ओळखू येतं ते त्याच्या खुणेवरून. मोजमाप चुकलं तरी फारसं बिघडत नाही. एखाद्या घराला निळी ताडपत्री असेल, एखाद्याच्या गॅलरीत तुळशीच्या कुंड्यांची रांग असेल, एखाद्या गच्चीवर तीन काळ्या टाक्या असतील. कौलारू घरासाठी चरई, चेंदणी कोळीवाडा असा जुन्या ठाण्याचा फेरफटका मारा. ओटा, लाकडी कठडा, कौलांची उतरती पाखं हे सगळं नीट बघून ठेवा, कारण पुढे सातव्या टप्प्यात कौलं एकेक काढायची आहेत.

ऋतू याच वेळी ठरवून टाका. येऊरचं जंगल पानगळीचं आहे. मे महिन्यात डोंगर तपकिरी-करडे असतात, जुलैत गच्च हिरवे. गुलमोहर मे-जूनमध्ये फुलतो, ताम्हण एप्रिल-मेमध्ये जांभळा होतो, ताडपत्र्या पावसाच्या तोंडावर चढतात. फुललेलं ताम्हण, हिरवेगार डोंगर आणि छत्र्या एकत्र आल्या की ठाणेकराला काहीतरी खटकतं, भले त्याला ते सांगता न येवो. मला स्वतःला जूनचा मध्य सगळ्यात आवडतो: गुलमोहराची शेवटची फुलं, नव्या ताडपत्र्या आणि डोंगरांवर नुकता फुटणारा हिरवा.

तपासणी: घरी आल्यावर वही बंद ठेवून आठवणीने बारा वस्तूंची यादी करा. आठवलं तेवढंच चित्रात घ्यायचं, राहिलेलं सोडून द्या.

## टप्पा २: सामान

- ५ ते ६ मिमी जाडीचा एमडीएफ बोर्ड. कॅनव्हासची वीण जाड असते आणि तिच्यावर बारीक खिडक्या फाटतात.
- पांढरा जेसो (रंगाआधी द्यायचं अस्तर), २२० नंबरचा सँडपेपर.
- अ‍ॅक्रिलिक: टायटॅनियम व्हाइट (मोठी ट्यूब), अल्ट्रामरीन ब्लू, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लेमन यलो, व्हर्मिलियन, सॅप ग्रीन. काळा घेऊ नका.
- १२ मिमीचा चपटा ब्रश, ४ आणि १ नंबरचे गोल ब्रश, तारा आणि कठड्यांसाठी लांब केसांचा लायनर.
- झाकणाच्या दहा-बारा छोट्या डब्या.

पोस्टर कलर घरात आहेत म्हणून तेच वापरायचा मोह होतो. ते सुकल्यावरही पाण्याने परत विरघळतात. वरचा थर देताना खालचा उठतो आणि सगळं मातकट होतं. इथे थरांवर थर आहेत, त्यामुळे अ‍ॅक्रिलिकच हवं.

## टप्पा ३: पाया

एमडीएफ पाणी शोषतो आणि ठाण्याच्या पावसाळ्यात वाकतो. एकाच बाजूला जेसो दिला तर हमखास वाकतो. म्हणून पुढची बाजू, मागची बाजू आणि चारही कडा, सगळीकडे द्या. पुढच्या बाजूला तीन हात: पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. प्रत्येक हात पूर्ण सुकला की हलका सँडपेपर. धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा.

आता पांढऱ्या पृष्ठभागावर थेट चित्र काढायला घेऊ नका. यलो ऑकरमध्ये थोडं बर्न्ट सिएना मिसळून, पातळ करून, संपूर्ण बोर्डाला एक उबदार मातकट हात द्या. हा रंग पुढे आकारांच्या मधल्या फटींतून डोकावणार आहे आणि काळ्या बाह्यरेषेचं काम तोच करणार आहे. हा हात ज्यांनी वगळला त्यांच्याच चित्रात शेवटी मार्कर येतो.

सावधान: हा हात रात्रभर सुकू द्या. वरून कोरडा लागला तरी ओल्या हवेत आत ओलसर असतो.

## टप्पा ४: मांडणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रंगवताना झालेली चूक झाकता येते, मांडणीतली येत नाही.

पाहण्याचा नियम एकच ठेवा. आडव्या गोष्टी वरून, उभ्या गोष्टी समोरून. तलाव वरून पाहिल्यासारखा, पूर्ण आकार दिसणारा. घरं, झाडं, माणसं समोरून. नावा बाजूने. रस्ता सगळीकडे सारख्याच रुंदीचा पट्टा. हा नियम एका ठिकाणी जरी मोडला, म्हणजे एकाच घराची बाजूची भिंत तिरकी आत नेली, तरी बाकीची घरं अचानक चुकीची वाटायला लागतात.

मग तलावाच्या डाव्या-उजव्या काठावरच्या घरांचं काय करायचं? दोन मार्ग आहेत. एक, तीही सरळ उभी करायची. दोन, पाण्याकडे पाय आणि बाहेर डोकं अशी आडवी पाडायची. दोन्ही चालतात, पण एका चित्रात एकच. पहिल्यांदा करत असाल तर सरळ उभीच करा. जवळच्या काठावर मात्र घरं घेऊ नका, कारण तिथे त्यांच्या पाठी दिसतील. तिथे कठडा, बाकं, झाडं, भेळवाला, रिक्षा.

पट्टे आखा. वरून खाली: आकाश ५ सेंमी, डोंगर ४, पलीकडच्या काठाची घरं ७, तलाव १०, जवळचा काठ ४. क्षितिज वर ठेवलंय ते मुद्दाम. आकाश अर्ध्या चित्रात पसरलं तर गोष्ट सांगायला जमीनच उरत नाही. शिखरं आणि झाडं एका पट्ट्यातून दुसऱ्यात घुसली पाहिजेत, नाहीतर चित्र थरांच्या आकृतीसारखं दिसतं. कौपिनेश्वराचं शिखर डोंगराला ओलांडून आकाशात जाऊ द्या. एखादं नारळाचं झाड खालच्या काठावरून सरळ तलावावर येऊ द्या.

आकार महत्त्वाप्रमाणे, अंतराप्रमाणे नाही. तलावातलं मंदिर तुम्हाला प्रिय असेल तर ते रंगायतनाएवढं करा. फक्त एक माप पाळा: माणूस दीड सेंमी, दार दोन, मजला अडीच. लांबचा माणूसही दीडच सेंमी. हे माप पाळल्यावर बाकी कितीही ओढाताण केली तरी घरं राहण्यासारखी वाटतात.

वाकडेपणा मोजून. प्रत्येक घर वेगळ्या दिशेला झुकवलं की कुठलंच झुकलेलं दिसत नाही, नुसती गडबड दिसते. एका ओळीतली बहुतेक घरं जवळजवळ सरळ ठेवा, दोनच झुकवा, तीही एकमेकांकडे. छपरांच्या रेषा हाताने काढा, पट्टी लावू नका.

आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन-चार कच्चे आराखडे करा. त्यातला एक निवडून तीन छटांमध्ये पेन्सिलीने भरा: फिकट, मध्यम, गडद. डोंगर गडद आणि भिंती फिकट असतील तर घरं आपोआप पुढे येतात. मग तो ३० बाय ४० च्या ट्रेसिंग पेपरवर मोठा करा, मागच्या बाजूला ६बी पेन्सिल घासा आणि बोर्डावर ठेवून रेषा गिरवा.

सावधान: स्टेशनरीतला निळा-काळा कार्बन पेपर वापरू नका. त्याची रेघ मेणचट असते, तिच्यावर रंग बसत नाही आणि फिकट भिंतीतून ती वर दिसत राहते.

नवी मुंबईकरांना याच नियमाने जमणारा सुंदर विषय बेलापूरला आहे. चार्ल्स कोरिया यांनी आखलेलं, १९८० च्या दशकात उभं राहिलेलं तिथलं आर्टिस्ट व्हिलेज. छोट्या चौकाभोवती सात-सात घरं अशी त्याची मूळ रचना आहे. चौक वरून आणि घरं चारी बाजूंना पाडलेली, अशी मांडणी तिथे फार छान बसते. पाम बीच रोडच्या टॉवरांचं मात्र अवघड आहे. सारख्या खिडक्यांच्या भिंती रंगवता रंगवता हात यांत्रिक होतो. घ्यायचेच असतील तर दोन-तीन टॉवर, आणि पायाशी खाडी आणि रोहित पक्षी मोठे.

## टप्पा ५: सगळे रंग आधी मिसळून ठेवणं

हा टप्पा जवळजवळ प्रत्येक जण गाळतो. लागेल तसा रंग मिसळत गेलं की संध्याकाळी मिसळलेलं कौल सकाळच्या कौलाशी जुळत नाही, आणि सपाट रंगात तो ठिगळासारखा उठून दिसतो. म्हणून दोन हातांना पुरेल एवढा प्रत्येक रंग एकदाच मिसळा, डबीत भरा, झाकण लावा.

- आकाश: पांढरा, चिमूटभर अल्ट्रामरीन, किंचित ऑकर.
- डोंगर: सॅप ग्रीन, थोडा अल्ट्रामरीन, थोडं बर्न्ट सिएना, मग पांढरा. सिएना विसरलात तर हिरवा प्लॅस्टिकसारखा येतो.
- तलाव: सॅप ग्रीन, अल्ट्रामरीन, ऑकर, पांढरा. मासुंद्याचं पाणी आकाशी नाही, शेवाळी आहे. निळा तलाव ही सगळ्यात सामान्य चूक.
- कौलं: बर्न्ट सिएना, थोडा व्हर्मिलियन, थोडा पांढरा.
- भिंती: चुन्याचा पांढरा (ऑकरचा थेंब टाकून), फिकट पिवळा, निळीचा फिकट निळा, फिकट गुलाबी. चारांवर थांबा.
- झाडं: एकाच हिरव्याच्या तीन छटा. गडदमध्ये अल्ट्रामरीन जास्त, फिकटमध्ये लेमन यलो आणि पांढरा.
- गडद: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. काळ्याच्या जागी हाच.

जवळपास प्रत्येक डबीत ऑकरचा अंश घाला. पायाचा रंगही तोच असल्यामुळे सगळे रंग एका घरातले वाटतात.

घट्टपणा मोडलेल्या दह्याएवढा हवा. त्याहून पातळ झाला की ब्रशचे पट्टे दिसतात.

तपासणी: प्रत्येक रंगाचा ठिपका कागदावर लावून सुकू द्या. अ‍ॅक्रिलिक सुकल्यावर गडद होतं, त्यामुळे भिंतींचे रंग हवे त्यापेक्षा एक पायरी फिकट मिसळावे लागतात. मग ठिपक्यांचा मोबाइलने कृष्णधवल फोटो घ्या. कौलं आणि डोंगर सारखेच करडे दिसत असतील तर कौलात आणखी पांढरा घाला. लाल आणि हिरवा रंगाने कितीही वेगळे वाटले तरी छटेने एक असले तर छपरं डोंगरात बुडतात.

## टप्पा ६: सपाट रंग, मागून पुढे

आकाश, डोंगर, पाणी, जमीन, घरं, झाडं, या क्रमाने. अमेरिकेच्या ग्रँडमा मोझेस (१८६०–१९६१) अशाच वरून खाली येत: आधी आकाश, मग डोंगर, झाडं, घरं, जनावरं आणि सगळ्यात शेवटी माणसं. यातला व्यावहारिक फायदा असा की पुढची वस्तू मागच्याच्या कडेवर थोडी चढवून तिची कड स्वच्छ करता येते.

प्रत्येक रंगाचे दोन हात. पहिला हात ठिगळासारखाच दिसतो, घाबरू नका. लेमन यलोसारखे रंग पारदर्शक असतात. गडद पट्ट्यावर पिवळी भिंत आली तर आधी पांढरा हात द्या, मग पिवळा.

दोन घरांच्या मध्ये, भिंत आणि छपराच्या मध्ये, जेमतेम एक मिलिमीटर मातकट पाया उघडा ठेवा. फट सगळीकडे सारखी नको. कुठे जाड, कुठे बारीक, कुठे गायब. चित्राची सगळी ऊब या फटींत आहे, म्हणून दुसऱ्या हातात त्या बुजवू नका.

या टप्प्यात खिडकी नाही, पान नाही, सावली नाही. आकाशात छटा नाही. अर्धवट रिकामं चित्र बघून हात खिडक्यांकडे जातो आणि मग भिंतीचा दुसरा हात खिडक्यांच्या कडेकडेने चुकवत द्यावा लागतो.

तपासणी: बोर्ड उलटा करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. आकार अजूनही वेगवेगळे दिसले तर पुढे जा.

## टप्पा ७: नक्षी

कौलं वळचणीकडून आढ्याकडे काढा. शाकारताना जसं खालच्या ओळीवर वरची ओळ चढते, तसंच ब्रशने. ४ नंबरच्या ब्रशने छोट्या यू आकारांची खालची ओळ, ती सुकली की तिच्यावर थोडी चढलेली वरची ओळ, अर्धं कौल सरकवून. मूळ कौलाच्या रंगात अधूनमधून पांढरा, अधूनमधून गडद मिसळत जा. वरून खाली आलात तर कौलं उलटी बसतात आणि पाणी आत जाणारं छप्पर तयार होतं. पाहणाऱ्याला ते जाणवतंच.

झाडं तीन छटांत. गडद गोळा सहाव्या टप्प्यात झालाच आहे. त्यावर मध्यम हिरव्याची पानं, कडेला गडद उघडा ठेवत. मग फिकट पानं, पण फक्त वरच्या भागात आणि संख्येने कमी. प्रत्येक झाडाला एकच पान ठरवा: पिंपळाला बदाम, नारळाला लांब फटकारे, गुलमोहराला टिंबं. पानं खऱ्यापेक्षा खूप मोठी चालतात. एकाच झाडावर दोन प्रकारची पानं चालत नाहीत.

पाणी आडव्या छोट्या रेघांनी, मूळ रंगापेक्षा जेमतेम फिकट. आरशासारखी प्रतिबिंबं काढू नका. तलावातल्या मंदिराखाली त्याच्याच रंगाच्या चार-पाच तुटक रेघा पुरतात. नावांभोवती थोडं पाणी कोरं ठेवा.

आणि इथेच थांबायला शिकावं लागतं. नक्षी रंगवण्यात इतका आनंद असतो की आकाश, डोंगर, भिंती, जमीन सगळीकडे ती पसरते. मग नजरेला बसायला जागा राहत नाही. आकाश पूर्ण सपाट ठेवा. निदान निम्म्या भिंती सपाट ठेवा. माझ्या मते तिसरा हिस्सा रिकामा नसलेलं चित्र दाट नसतं, दमलेलं असतं.

## टप्पा ८: खिडक्या, वस्तू, माणसं

खिडक्या गडद रंगाच्या, पण एका ओळीतही उंची थोडी कमीजास्त. दोन-चार खिडक्यांत पिवळा दिवा. गज आणि ग्रिल फिकट रंगाने, लायनरने. मग ताडपत्री, टाक्या, दोरीवरचे कपडे, काळी-पिवळी रिक्षा.

माणसं शेवटी. आधी कपड्यांचे रंग ठिपक्यांसारखे लावा, मग डोकं, मग हातपाय. चेहरे नकोत. दीड सेंमीच्या माणसाला डोळे काढले की नजर तिथेच अडकते. माणसं सारख्या अंतराने पेरू नका. पाच जण भेळवाल्याभोवती, एक जण एकटाच बाकावर. पाडव्याची शोभायात्रा किंवा दिवाळी पहाटेची गर्दी रंगवायची असेल तर मागची ओळ आधी रंगवा, पुढची तिच्यावर चढवा.

दुकानाच्या पाट्या दोनच, आणि नावं मनाची. देवनागरीत आधी शिरोरेखा ओढा, मग तिला अक्षरं लटकवा. नाहीतर ओळ हमखास खाली घसरते. विजेच्या तारा सगळ्यात शेवटी, एका ओढीत, थोडा पातळ रंग घेऊन.

सावधान: मार्कर किंवा जेलपेनने बारीक काम केलंत तर वॉर्निशच्या ब्रशबरोबर ते पसरू शकतं. सगळं रंगानेच करा.

## टप्पा ९: वॉर्निश आणि टांगणं

कोरड्या दिवसांत आठवडाभर थांबा, पावसाळ्यात त्याच्या दुप्पट. अ‍ॅक्रिलिकसाठीचं मॅट वॉर्निश, दोन पातळ हात, दुसरा पहिल्याला काटकोनात. चकचकीत वॉर्निशने सपाट रंगावर उजेडाचे डाग दिसतात. मुसळधार पावसाच्या दिवशी वॉर्निश लावू नका, ओल्या हवेत ते दुधाळ होऊ शकतं.

काचेची गरज नाही. पावसाच्या झडीची भिंत टाळा, तिला ओल धरते. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि बोर्डामध्ये हवा खेळती राहते आणि मागच्या बाजूला बुरशी धरत नाही.